दोघांनी पाठीवर बॅग टाकून श्रीलंका: हत्ती, बिबट्या, देवमासे आणि कासवं बघायची असतील तर कसं जायचं, पहिल्यापासून सगळं

श्रीलंकेला जायचं म्हटलं की आपल्याकडे अजूनही बहुतेक जण पॅकेजच घेतात, कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, एसी गाडी आणि पाच दिवसांत घरी परत. त्यात वाईट काही नाही पण तुम्हा दोघांना प्राणी-पक्षी बघायची खरी हौस असेल ना, तर ते पॅकेज तुमच्यासाठी नाही. हा देश महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा आहे, आणि तेवढ्या जागेत हजारो जंगली हत्ती (२०११ च्या गणनेत ५,८७९), दिवसाढवळ्या रस्त्यावर येणारा बिबट्या, अस्वल, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर निळा देवमासा, आणि जगातल्या सात समुद्री कासवांपैकी पाच जाती अंडी घालायला येतात. मी आणि माझा नवरा बस-रेल्वेनेच फिरलो आणि आता ओळखीतली जोडपी सारखी विचारत असतात की प्लॅन कसा करायचा, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते.

आधीच सांगते, पुढचं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: ठिकाणं कमी करा, मुक्काम वाढवा. एका पार्कमध्ये एकच सफारी मारून लगेच पुढच्या गावाला पळालात तर जीपच्या मागे जीप आणि धूळ, एवढंच हाताला लागतं. तेच एका गावात तीन रात्री राहिलात की गेस्टहाउसवाले अंकल स्वतःहून सांगतात, काल संध्याकाळी कालव्यावर हत्ती आले होते, आज साडेपाचला माझ्याबरोबर चला.

कधी जायचं ते आधी ठरवा, कुठे ते नंतर

श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत आणि ते बेटाच्या दोन वेगळ्या बाजूंना पडतात, हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धा प्लॅन झाला. नैऋत्य मोसमी पाऊस साधारण मे ते सप्टेंबर दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर आणि डोंगरात. ईशान्येचा पाऊस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर-पूर्वेला. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुठेही धो धो पडू शकतो.

मग हिशोब सोपा आहे. देवमासे, डोंगरातली रेल्वे, सिंहराजा नावाचं वर्षावन असं हवं असेल तर जानेवारी ते मार्च. हत्तींचा मोठा मेळावा बघायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर. मिन्नेरियाचा तलाव (राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेला) त्या कोरड्या दिवसांत आटायला लागतो, काठावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या कोरड्या जंगलातून कळपच्या कळप तिथे जमतात, चांगल्या वर्षी दोनशे-तीनशे हत्ती एका नजरेत. पण त्या दिवसांत दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला समुद्र खवळलेला असतो, मग देवमाशांसाठी पूर्वेला त्रिंकोमालीला जायचं आणि जवळच पिजन आयलंडला स्नॉर्कलिंग करायचं. मिरिस्सा आणि मिन्नेरियाचा मेळावा एकाच ट्रिपमध्ये कोंबू नका.

मी खाली जो रूट सांगतेय तो जानेवारी-मार्चचा आहे, दोन आठवडे धरून. दहाच दिवस असतील तर त्यातलं एक ठिकाण सरळ गाळा, प्रत्येक ठिकाणची एकेक रात्र कापू नका.

कागदपत्रं, पैसे, सिम

ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी लागते, ती सरकारी साइटवरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या एजंट साइट्स भरपूर आहेत आणि त्या वरचे पैसे लावतात. फीचे नियम मधे मधे बदलत असतात त्यामुळे तिकीट काढायच्या आठवड्यात बघून घ्या. पासपोर्टला सहा महिने शिल्लक पाहिजेत. मुंबईहून थेट फ्लाइट अडीच तासाच्या आसपास, घड्याळ बदलावं लागत नाही.

आपल्या एका रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण बस, टुकटुक, खेड्यातलं गेस्टहाउस, जीप, हे सगळं कॅशच आहे. एअरपोर्टवरच थोडे बदलून घ्या आणि तिथेच डायलॉग किंवा मोबिटेलचं टुरिस्ट सिम घ्या. एकाच्या फोनमध्ये डायलॉग, दुसऱ्याच्या फोनमध्ये मोबिटेल असं घेतलं की जंगलाच्या कडेला एकाची रेंज गेली तरी दुसऱ्याची असते. पिकमी नावाचं अॅप आठवणीने टाकून ठेवा, मोठ्या गावांमध्ये टुकटुकचा रेट त्यात कळतो आणि घासाघीस करत बसावं लागत नाही.

कॅश दोघांच्या बॅगेत अर्धी अर्धी ठेवा. पासपोर्टचा फोटो एकमेकांच्या फोनमध्ये.

बॅग भरताना

दोघांत मिळून एक चाळीस लिटरची आणि एक तीसची, यापेक्षा जास्त नको. तिथल्या बसमध्ये मोठी सॅक ठेवायला जागा म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा इंजिनाचा कट्टा किंवा मागची डिकी, नाहीतर मग मांडीवर. कपडे मातकट, हिरवट, करड्या रंगाचे, पांढरे आणि भडक टाळा. देवळांसाठी गुडघे आणि खांदे झाकणारं एकेक काहीतरी हवं.

दुर्बीण मात्र दोघांना एक असं अजिबात करू नका. ८x४२ च्या दोन घ्या, हलक्या चालतील, एखादी मित्राकडून मागून आणा. पानांआडचा पक्षी अर्धा मिनिट दिसतो आणि त्या अर्ध्या मिनिटात "दे ना मला" सुरू झालं की दोघांनाही दिसत नाही. जोडप्यांची जंगलातली निम्मी भांडणं यावरूनच होतात, मी कितीतरी जीपमध्ये बघितलंय.

बाकी काय, तर लाल उजेडाचा हेडलॅम्प, जळवांचे मोजे (गुडघ्यापर्यंतचे, घट्ट विणीच्या सुती कापडाचे, सिंहराजाला तिथेही मिळतात), ओडोमॉस, ओआरएस, बोट लागणाऱ्यांसाठी गोळी, कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा असतो, अॅडॉप्टर न्या. आणि बायकांसाठी एक, सफारीत तीन-चार तास जीपमधून उतरता येत नाही, टॉयलेट गेटवरच काय ते, त्यामुळे पाळीच्या तारखा बघून सफारीचे दिवस ठरवा आणि पहाटे चहा जपून प्या.

दोघांनी कामं वाटून घ्या, निघायच्या आधीच

कोणाकडे पैसे आणि हिशोब, कोणाकडे नकाशा आणि बसची चौकशी, हे ठरवा आणि मधे अदलाबदल करा. सगळी चौकशी एकच जण करत राहिला की चौथ्या-पाचव्या दिवशी तो वैतागतो, आणि दुसरा नुसता मागे मागे चालतो. आणि एक नियम फार कामाचा आहे, पहाटे साडेचारच्या गजराला दोघांपैकी कोणीही "आज नाही" म्हणू शकतं आणि दुसऱ्याने एकट्याने जायला हरकत नाही, त्यावर चर्चा नाही. जीप तशीही शेअरिंगची असते, गेस्टहाउसवाले ओळखीचे झालेले असतात. एकाला समुद्रावर पडून राहायचंय आणि दुसऱ्याला पाखरं बघायचीत तर दोन्ही करा, संध्याकाळी जेवताना सांगायला काहीतरी असतं.

खर्चाच्या दृष्टीने दोघं असणं फायद्याचं आहे कारण खोलीचा भाव खोलीवर असतो. साधी पण स्वच्छ डबल रूम पाच ते नऊ हजार श्रीलंकन रुपयांत मिळते, बहुतेक ठिकाणी सकाळचा भरपेट नाश्ता धरून. खोली घ्यायच्या आधी मच्छरदाणी उलगडून उजेडात धरा, भोकं आहेत का बघा, पंखा चालतो का बघा, बाकी सगळं चालवून घेता येतं. लग्न झालंय का वगैरे सहसा कोणी विचारत नाही. चारचौघांत गळ्यात गळे घालणं मात्र खेड्यांत आणि देवळांत बरं दिसत नाही, आपल्या गावाकडे जसं वागतो तसंच वागायचं.

तोटा एका ठिकाणी होतो, जीप. जीपचं भाडं गाडीमागे असतं, माणशी नाही. त्यामुळे दोघांनीच घेतली तर सगळा भार तुमच्यावर. गेस्टहाउसवाल्यांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा की अजून एक जोडपं असेल तर आम्ही शेअर करू, बहुतेक वेळा मिळतं. पार्कचं तिकीट माणशी वेगळं, वर गाडीची फी, सर्व्हिस चार्ज, कर, असं सगळं मिळून काउंटरवर आकडा फुगतो, तेव्हा जीपवाल्याने सांगितलेल्या भावात काय काय धरलंय ते आधीच स्पष्ट विचारा. पासपोर्ट बरोबर ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना सिगिरियासारख्या ठिकाणी तिकीट अर्धं आहे, म्हणून प्रत्येक काउंटरवर न लाजता विचारायचं. तुमच्या ट्रिपमधला सगळ्यात मोठा खर्च पार्कांचाच असणार आहे, म्हणून तीन पार्क नीट करा, सहा नकोत.

पहिला टप्पा: नेगोंबो ते हबराना

एअरपोर्ट कटुनायकेला आहे, कोलंबोच्या उत्तरेला, आणि नेगोंबो तिथून अगदी जवळ. पहिली रात्र तिथेच काढा, कोलंबोच्या ट्रॅफिकमध्ये शिरायची गरजच नाही.

तिथून दोन पर्याय. ज्यांना बिबट्याच बघायचाय आणि गर्दी नकोय त्यांनी विल्पत्तूला जावं, पुत्तलम-अनुराधापुर रस्त्याच्या बाजूला. हे श्रीलंकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, १,३१७ चौरस किलोमीटर, आत 'विल्लू' म्हणतात ती पावसाच्या पाण्याची उथळ तळी आहेत आणि त्यांच्या काठच्या वाळूवर बिबट्या येऊन बसतो. आपल्याकडे जुन्नरच्या उसात किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये बिबट्या लपून राहतो, दिसला तर सावली दिसते. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, जंगलात त्याच्या वरचढ कोणी नाही, त्यामुळे तो उघड्यावर निवांत चालतो. याला नावाच्या दुसऱ्या उद्यानात बिबट्या दिसायची शक्यता जास्त, हे खरं आहे, पण तिथल्या एक नंबरच्या ब्लॉकमध्ये एका बिबट्यामागे जीपची रांग लागते आणि ड्रायव्हर एकमेकांना फोन करून धावतात. मी तरी विल्पत्तूच सांगेन, दिवसभराची जीप घेऊन. दिसला नाही तरी अस्वल, मगरी, गरुड, मोर, आणि मुख्य म्हणजे शांतता.

दुसरा पर्याय थेट हबराना-सिगिरिया. जानेवारी-मार्चमध्ये मिन्नेरियाला पाणी भरलेलं असतं तेव्हा हत्ती बहुतेक बाजूच्या हुरुलू इको पार्ककडे असतात, तिथले जीपवाले रोज बघत असतात त्यामुळे पार्कचं नाव तुम्ही ठरवू नका, "आज हत्ती कुठे आहेत" एवढंच विचारा. सिगिरियाचा खडक चढायचाच असेल तर सकाळी गेट उघडताच जा, किंवा समोरच्या पिदुरंगलावर चढा, तिकीट बरंच कमी आणि सिगिरिया पूर्ण समोर दिसतो.

या भागात एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. अंधार पडायला लागला की पायी फिरू नका आणि स्कूटीवर तर नकोच. हबरानाच्या रस्त्यांवर हत्ती खरोखर येतात, काळोखात काळा हत्ती दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. रस्त्यावर हत्ती दिसला तर गाडी लांब थांबवा, हॉर्न नाही, फ्लॅश नाही, आणि खायला तर काहीच द्यायचं नाही, लोकांनी केळी देऊन देऊन सवय लावलेले हत्ती बस अडवतात आणि शेवटी त्यात हत्तीच मरतो.

दुसरा टप्पा: कँडी आणि डोंगर

कँडीला एक रात्र पुरे. दंतमंदिराच्या मागे उदवत्तकेले नावाचं जंगल आहे, शहराच्या मधोमध, सकाळी दोन तास तिथे काढा.

कँडी ते एल्ला ही रेल्वे सगळ्यांना माहिती आहे, सहा-सात तास, चहाचे मळे. रिझर्व्हेशन ३० दिवस आधी उघडतं आणि पटकन संपतं. नाही मिळालं तरी बिघडत नाही, सेकंड किंवा थर्ड क्लासचं अनरिझर्व्ड तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, फक्त उभं राहायची तयारी ठेवा. पण नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात डोंगरातल्या लाइनचं खूप नुकसान झालं, दरडी कोसळल्या, म्हणून निघायच्या आधी गाडी कुठून कुठपर्यंत सुरू आहे हे तपासा, आणि नसेल तर बसने जा, दृश्य तेच आहे. दारात लटकून एकमेकांचे फोटो काढायचे प्रकार करू नका, बोगदे आणि खांब अगदी लागून आहेत.

हॉर्टन प्लेन्स या डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानासाठी हपुतले किंवा नुवारा एलियाला राहा आणि पहाटे व्हॅन शेअर करा. साधारण साडेनऊ किलोमीटरची गोल वाट, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, वर्ल्ड्स एंडचा कडा जवळजवळ ८८० मीटर खोल. नऊ-दहानंतर ढग वर येतात आणि काही दिसत नाही, म्हणून सहाला गेटवर पाहिजेच. गेटवर बॅगा तपासून प्लास्टिकची रॅपरं काढून घेतात, तेव्हा खाऊ आधीच डब्यात भरून न्या. थंडी कडक असते, स्वेटर लागतो. सांबर गवताळ माळावर इतकं जवळ चरत असतं की झूमची गरज पडत नाही. त्यांनाही लोक बिस्किटं देतात, तुम्ही देऊ नका.

तिसरा टप्पा: उदावलवे, आणि इथे तीन रात्री राहा

एल्लाहून वेल्लवायाची बस, तिथून तणमलविला, मग एंबिलिपिटियाकडे जाणारी बस तुम्हाला उदावलवेत सोडते. सरकारी बस लाल असतात, प्रायव्हेट वेगळ्या रंगाच्या, भाडं काहीशे रुपयांत. पुढच्या एक-दोन सीट बौद्ध भिक्खूंसाठी राखीव असतात, तिथे बसू नका. गर्दीच्या बसमध्ये बायकोने खिडकीशी आणि नवऱ्याने बाहेरच्या बाजूला बसावं, गर्दीत त्रास देणारे तिथेही असतात.

उदावलवे मला सगळ्यात आवडतं कारण मोकळं गवताळ रान आहे आणि हत्ती वर्षभर असतात. सकाळी सहाची एक आणि दुपारी अडीचची एक अशा दोन सफारी वेगवेगळ्या दिवशी करा. आणि ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगा, आम्हाला जास्त फिरायचं नाही, एक कळप सापडला की तिथेच इंजिन बंद करून थांबू. ड्रायव्हरला आधी नवल वाटतं, मग तोही निवांत होतो.

थांबलात की काय दिसतं ते सांगते. हत्तीण पुढच्या पायाच्या नखांनी गवताच्या मुळाशी हलके हलके लाथ मारते, खरवडल्यासारखी, तोपर्यंत सोंडेने बुंधा धरून ठेवलेला असतो. जुडी सुटली की ती लगेच तोंडात घालत नाही. आधी गुडघ्यावर आपटते, दोनदा, तीनदा, माती झडेपर्यंत, कोथिंबिरीची जुडी झटकावी तशी. मग तोंडात. बाजूला लहान पिल्लू तेच करू बघतं, लाथ मारतं पण सोंडेची पकड सुटते, जुडी खाली पडते, परत उचलतं, शेवटी कंटाळून आईच्याच तोंडातलं ओढतं. हे बघायला वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत सात-आठ जीप येऊन फोटो काढून निघून गेलेल्या असतात.

इथेच एलिफंट ट्रान्झिट होम आहे, १९९५ पासून. आई गमावलेली पिल्लं इथे वाढवून परत जंगलात सोडतात, म्हणून हात लावू देत नाहीत, लांबूनच बघायचं. दर तीन तासांनी दूध पाजतात, त्या वेळेला जा. कुठलीही 'हत्तीला आंघोळ घाला', 'हत्तीवर बसा', सापाबरोबर फोटो, अशी जागा असेल तर पुढे निघायचं. प्राणी तुमच्या हातात येतोय म्हणजे त्याआधी त्याच्यावर काहीतरी जबरदस्ती झालेली आहे, एवढं साधं आहे.

चौथा टप्पा: किनारा

उदावलवेहून एंबिलिपिटिया, तिथून तंगल्ले. तंगल्लेजवळ रेकवा नावाचा किनारा आहे जिथे रात्री कासवं अंडी घालायला येतात, बहुतेक हिरवी कासवं. भर सीझन एप्रिल ते जुलै, बाकीच्या महिन्यांतही एखादी येते पण खात्री नाही, रात्री आठपासून कधी कधी मध्यरात्रीपर्यंत वाळूत बसून राहावं लागतं. ज्यांनी मंडणगडच्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघितली आहेत त्यांना यातली गंमत माहिती आहे, इथे पिल्लं नाही तर आई दिसते. गावातलेच लोक पहारा देतात आणि कासवीण अंडी घालायला लागली की मगच जवळ नेतात, कारण त्याआधी चाहूल लागली तर ती तशीच समुद्रात परत जाते. मागच्या वल्ह्यांनी, एकदा उजव्या एकदा डाव्या, ती वाळू ओंजळीसारखी उचलून बाहेर टाकते, तिला खड्डा दिसतही नसतो. पांढरा उजेड अजिबात नाही, फोनची स्क्रीनसुद्धा बंद. त्या किनारपट्टीवर ज्या हॅचरींमध्ये पिल्लं टाकीत ठेवून पर्यटकांच्या हातात देतात तिथे पैसे देऊ नका, जन्मल्या जन्मल्या पोहून खोल समुद्रात जायची जी ताकद असते ती टाकीतच संपते.

मग मिरिस्सा. नोव्हेंबर ते एप्रिल देवमाशांचा सीझन, बोटी पहाटे साडेसहाच्या सुमाराला सुटतात. इथे समुद्राचा उथळ भाग अरुंद आहे, लवकरच तळ एकदम खोल जातो, म्हणून निळा देवमासा किनाऱ्याच्या एवढ्या जवळ येतो. पण त्याच पाण्यातून मोठ्या मालवाहू जहाजांचा मार्ग जातो आणि जहाजांची धडक बसून देवमासे मरतात. एमएससी या मोठ्या कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, बाकीच्यांचं अजून व्हायचंय. बोट निवडताना भाव नंतर विचारा, आधी हे विचारा की देवमाशापासून १०० मीटर अंतर ठेवता का, समोरून आडवं जाता का, इंजिन न्यूट्रलला टाकता का. नुसते हसले तर दुसरी बोट. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, दोघांनीही, "मला होत नाही" म्हणणाऱ्यानेही. दोन्द्राच्या बाजूला लाटा चांगल्याच उसळतात.

पोहताना, लाल झेंडा असेल तर पाण्यात नाही. ओढणारा प्रवाह लागला तर किनाऱ्याशी समांतर पोहायचं, सरळ किनाऱ्याकडे नाही. आणि खाडी, तळं, नदीचं तोंड अशा जागी हात-पाय धुवायलाही काठावर जाऊ नका, मगरी आहेत, त्यातल्या काही खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या.

पाचवा टप्पा: सिंहराजा

मातराहून देनियायाची बस. दोन रात्री राहा. १९८८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे वर्षावन, साधारण नऊ हजार हेक्टर, आत गाइडशिवाय सोडत नाहीत आणि ते बरंच आहे कारण गाइड नसेल तर तुम्हाला फक्त पानं दिसतील. हत्ती-बिबट्यासाठी इथे येऊ नका, इथे छोट्या गोष्टी आहेत. पक्षी इथे मिश्र थव्याने फिरतात, पुढे नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत आणि त्यांच्याबरोबर कोतवाल, मागून बाकीचे, किडे उडाले की ज्याच्या त्याच्या वाट्याला येतात. अर्धा तास जंगल अगदी मुकं आणि मग पाच मिनिटं कुठे बघू असं होतं. श्रीलंकेबाहेर कुठेच न मिळणारे तीसहून जास्त पक्षी आहेत त्यातले बरेचसे इथे दिसतात, निळा मॅगपाय तर नक्की शोधा. आणि या ओल्या जंगलांत अजून किती दडलंय बघा, सेरेंडिब स्कॉप्स हे घुबड पक्षीतज्ज्ञ दीपल वरकागोडा यांना २००१ मध्ये प्रत्यक्ष दिसलं, तोपर्यंत विज्ञानाला ते माहितीच नव्हतं.

जळवा भरपूर. आंबोलीला पावसात गेलेल्यांना नवीन नाही. मोजे पँटवरून ओढा, दर पंधरा मिनिटांनी एकमेकांचे पाय, कॉलर, कानामागे बघा, हे दोघं असण्याचं खरं सुख आहे. लागली तर ओढू नका, नखाने तोंडाकडून सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका, स्वच्छ धुऊन दाबून धरा.

खाणं

भात-करीचं ताट घ्या, दुपारी बाराच्या आसपास, साध्या खानावळीत, भात परत वाढतात. डाळ (परिप्पू), कोवळ्या फणसाची करी, बीट, भेंडी, पालेभाजीची खोबरं घातलेली कोशिंबीर. सकाळी इंदिआप्पा नारळाच्या रसाबरोबर, कोकणातल्या लोकांना शिरवाळ्यांची आठवण येईल फक्त हे गोड नसतं. शाकाहारी असाल तर पोल संबोल म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत सुकलेला मासा कुटून घातलेला असतो हे लक्षात ठेवा, 'मस् एपा, मालू एपा', मटण नको मासे नको, एवढं सांगितलं की कळतं, पण 'उंबलकड' म्हणजे तो सुका मासा घातलाय का हेही वेगळं विचारा. बसमध्ये वडे विकायला येतात, ज्यावर कोळंबी चिकटवलेली असते तो इस्सो वडा. रस्त्यावर केशरी शहाळं, थंबिली, रोज प्या.

पौर्णिमेला म्हणजे पोयाला सुट्टी असते, दारू मिळत नाही, बस-रेल्वे भरलेल्या असतात आणि पार्कात गर्दी, त्यामुळे तारखा ठरवताना पौर्णिमा बघा आणि त्या दिवशी प्रवास ठेवू नका. देवळात बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, तिथे हा खरोखर मोठा अपमान समजतात.

तब्येत आणि अडचण

मलेरिया श्रीलंकेतून गेला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तसं जाहीर केलं, पण डेंग्यू आहे आणि तो दिवसाचा डास आहे, म्हणून ओडोमॉस सकाळीच लावा. ताप आला तर ब्रुफेन-अॅस्पिरिन नाही, पॅरासिटामॉल आणि रक्ततपासणी. कुत्रा किंवा माकड चावलं, ओरखडलं तरी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल, रेबीजवर थांबून बघू असं चालत नाही. रात्री बाथरूम खोलीबाहेर असेल तर बॅटरी आणि चप्पल, घोणस तिथेही आहे.

रुग्णवाहिकेसाठी १९९०, ही सुवा सेरिया सेवा मोफत आहे आणि २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. पोलिसांसाठी ११९. दोन्ही नंबर दोघांच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करा. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना त्यात बोट आणि ट्रेकिंग धरलंय का ते वाचा.

परतीला देनियायाहून गॉल, एक रात्र जुन्या किल्ल्यात, मग गॉल ते कोलंबो फोर्ट रेल्वे, डाव्या खिडकीला बसा, बराच वेळ समुद्र रुळाला लागून असतो. फोर्ट स्टेशनहून एअरपोर्टला पोहोचायला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास हाताशी ठेवा, आणि फ्लाइट पहाटेची असेल तर शेवटची रात्र परत नेगोंबोलाच काढा.